बोर्डावरचे साडेचार हजार

अंदाजबाईंना निवृत्त होऊन चौथाच दिवस होता, आणि चारही दिवस त्या पहाटे पाचला उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. एकोणतीस वर्षं अंगात मुरलेली सवय पेन्शनच्या कागदावर सही केली म्हणून थोडीच सुटते? पहिले तीन दिवस आभाळ इतकं लख्ख होतं, की बघण्यासारखं काही नव्हतंच. चौथ्या दिवशी मात्र खिडकी उघडल्या उघडल्या त्यांच्या अंगावर काटा आला. वारा साफ पडलेला. समोरच्या गच्चीवरचे कपडे दोरीवर मेल्यासारखे लोंबत होते. उत्तरेची डोंगररांग जागच्या जागी होती, पण तिच्या माथ्यावरून कुणी ओला बोळा फिरवावा तशी तिची वरची कड पुसली गेली होती.

"काय म्हणतंय तुझं आभाळ?" आतून यजमानांनी विचारलं. त्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं.

"डोंगरापलीकडून दमट हवा आत शिरतेय."

"म्हणजे कपडे वाळत घालू की नको?"

"घाला. दुपारपर्यंत काही होत नाही."

"मग नाही घालत," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. हा विनोद लग्नाइतकाच जुना होता. बाई एरवी निदान नाक तरी मुरडायच्या. आज त्यांचं लक्षच नव्हतं.

'अंदाजबाई' हे नाव त्यांना वैमानिकांनी दिलेलं. गावाच्या टोकाला छोटा विमानतळ होता. एक धावपट्टी, पत्र्याची एक मोठी शेड, खाली हवामानाची खोली आणि वर लोखंडी जिन्याने जायची रेडिओची खोली, संपला पसारा. मोठी विमानं तिथे उतरत नसत. टपाल आणि औषधं घेऊन जाणारं एक इंजिनाचं विमान, पिकांवर फवारणी करणारे, जमिनीची मोजणी करणारे, कधीतरी एखादा अत्यवस्थ रोगी, एवढीच वर्दळ. डोंगरापलीकडच्या गावाला रस्त्याने सात तास लागत आणि खिंडीतून उडत गेलं तर चाळीस मिनिटं. त्यामुळे रोज सकाळी प्रत्येकाचा एकच प्रश्न असे: "बाई, खिंड आहे का आज?" आणि बाईंचं ठरलेलं उत्तर, "अंदाज सांगते. वचन मागू नका."

त्या अंदाजामागे दोन कागद असत. एक विमानतळाचा अंदाज, धावपट्टीच्या आसपासच्या चारपाच मैलांपुरता. दुसरा सगळ्या प्रदेशाचा, डोंगर, दरी, पलीकडचं पठार असं सगळं धरून. दोन्ही कागद एकाच मोठ्या कचेरीतून येत आणि दोन्हींत ढग किती फुटांवर आहेत ते दिलेलं असे. मेख अशी, की विमानतळाच्या कागदावरची उंची आपल्या पायाखालच्या जमिनीपासून मोजलेली, आणि प्रदेशाच्या कागदावरची समुद्रापासून. त्यात वेडेपणा काही नव्हता. प्रदेशात कुठे जमीन उंच, कुठे सखल; सगळ्यांना एकच मोजपट्टी लावायची तर समुद्राचीच लावावी लागणार. प्रत्येक वैमानिक हे परीक्षेपुरतं शिकतो. पण पहाटेची घाई, हातात चहाचा कप, बाहेर इंजिन तापत ठेवलेलं. अशा वेळी माणूस आकडा बघतो. तो कुठून मोजलाय ते बघत नाही.

बाई नोकरीला लागल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी एक फवारणीवाला असाच दोन कागदांत गोंधळला आणि खिंडीच्या तोंडातून पांढराफटक होऊन परत आला. त्याला पाणी पाजताना बाईंनी मनाशी ठरवलं, ही वजाबाकी आपणच करायची. आपला विमानतळ समुद्रापासून एकोणीसशे फुटांवर. म्हणून प्रदेशाच्या कागदातल्या प्रत्येक आकड्यातून त्या एकोणीसशे वजा करत आणि उरलेला आकडा भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर मोठ्ठा लिहीत. बोर्डावर फक्त दोन रकाने: 'ढग' आणि 'पावसात ढग'. खालच्या खिळ्याला मूळ कागद अडकवलेला असायचा, पण तो वाचतो कोण! खिंड समुद्रापासून एकोणचाळीसशे फुटांवर, म्हणजे विमानतळाहून दोन हजार फूट उंच; बोर्डावर तीन हजार किंवा वर असेल तर खिंडीवर हजार फूट मोकळे. त्यावरून मुलांनी घोषणाच करून टाकली होती: "तीन म्हणजे खिंड, तीनाखाली चहा."

"बाई, हे नियमात बसत नाही हं," जुने साहेब एकदा म्हणाले होते.

"मग पुसून टाकू?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि तो विषय परत कधी काढला नाही. सत्तावीस वर्षांत खिंडीत एकही विमान पडलं नाही. बाई कुणाला बोलून दाखवत नसत, पण ह्या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

आणि काळजी? ती तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. एकुलती एक लेक, ठमी. शाळा सुटली की ती आईच्या खोलीत येऊन बसायची, त्याच बोर्डाखाली पाय हलवत गृहपाठ करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "काका, आज तीन का चहा?" बारावी झाल्यावर तिने विमान शिकायचं म्हटलं तेव्हा बाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

"दुसऱ्यांच्या पोरांना बरी पाठवतेस वर," ठमी शेवटी म्हणाली.

"दुसऱ्यांची पोरं आहेत म्हणूनच पाठवते."

"आई, अगं, हे मोठ्याने नको बोलूस. बाहेर तिघं वैमानिक बसलेत."

नवव्या दिवशी बाईंनी फीचा अर्ज स्वतःच भरला. आता ठमी सव्वीस वर्षांची होती आणि गेलं दीड वर्ष टपालाचं विमान तीच चालवत होती. दीड वर्षात बाईंनी बोर्डावर आकडा लिहिताना दरवेळी कागद दोनदा तपासला होता. बोर्डावरचा आकडा आता नुसता आकडा राहिला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खोलीच्या किल्ल्या, जुन्या नोंदवह्या आणि न तापणारी किटली नव्या साहेबांच्या ताब्यात दिली. नवे साहेब तिशीतले, कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं मऊ. बोर्डाकडे बघून ते म्हणाले, "हाही ठेवायचा का?"

"ठेवा. मुलांना सवय आहे."

"ठीक आहे. फक्त मॅडम, मी सगळं कागदाप्रमाणे करीन. इथे जरा घरगुती पद्धत चालते असं ऐकून होतो."

'घरगुती' हा शब्द बाईंना झोंबला. वजाबाकीचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. दहा शब्दांचं काम होतं. पण त्यांनी ओठ मिटले. करा तुमच्या कागदाप्रमाणे, त्या मनात म्हणाल्या, अडलं की याल विचारत. साहेब विचारायला आले नाहीत, कारण अडलंच नाही. तीन दिवस आभाळ मोकळं होतं. बोर्डावर ढगांचा आकडाच नव्हता.

सव्वाआठला फोन वाजला. ठमी रोज निघायच्या आधी फोन करायची.

"काय करतेस गं, निवृत्त बाई?"

"तुझ्या बाबांचे मोजे शोधतेय. निघालीस का? डोंगर बघितलेस का आज?"

"बघितले. टोप्या घातल्यात. पण बोर्ड झकास आहे. साडेचार, आणि पावसात सदतीसशे. म्हणजे पावसातसुद्धा तीनाच्या वर! खिंड आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. साडेचार हजार ऐकून त्यांच्या जिवात जीव आला. "पोचलीस की कळव."

"कळवते. आणि मोजे ना, दिवाणाखाली बघ. नेहमी तिथेच असतात."

मोजे दिवाणाखालीच निघाले. यजमान दुकानात गेले. बाईंनी भांडी विसळली, ओटा पुसला, आणि मग हात पुसत सवयीने मोबाईलवर प्रदेशाचा अंदाज उघडला. आता तो उघडायचं त्यांना काही कारण नव्हतं. मैत्रिणी सकाळी राशिभविष्य बघतात, त्या हे बघत.

डोंगरपट्टा. ढग, आभाळ बहुतेक झाकणारे, साडेचार हजार. पावसात सदतीसशे. सर्वांत खाली एक ओळ: उंच भाग ढगात बुडालेले.

त्यांच्या डोक्यात आपोआप वजाबाकी सुरू झाली. साडेचार हजारातून एकोणीसशे गेले, सव्वीसशे. सदतीसशेतून एकोणीसशे, अठराशे. तीनाखाली. म्हणजे आज चहा. मग ठमी साडेचार कशाला म्हणाली?

हातातलं फडकं खाली पडलं ते त्यांना कळलंही नाही. ओट्याला धरून त्या उभ्या राहिल्या. ठमीने बोर्ड वाचला होता. बोर्डावर साहेबांनी कागदातला आकडा जसाच्या तसा उतरवला होता. वजाबाकी कुणीच केली नव्हती. ठमीच्या हिशेबाने खिंडीवर अडीच हजार फूट मोकळे होते. खरे होते सहाशे, आणि पाऊस आला तर तेही नाहीत. उलट ढग खिंडीच्या जमिनीखाली उतरणार होते.

घड्याळात आठ पस्तीस झाले होते. ठमी आठ वीसला उडाली असणार. पंधरा मिनिटांत दरीचं तोंड. तिथून पुढे दहा मिनिटांवर मुलं जिला 'कढई' म्हणत ती गोल, रुंद जागा. विमान वळवता येईल अशी ती शेवटची. तिच्यापुढे दरी इतकी चिंचोळी होत जाते, की दोन्हीकडची झाडं पंखांना लागतील असं वाटतं. तिला मुलं 'गल्ली' म्हणत. गल्लीतून फक्त पुढे जायचं, खिंड ओलांडून. मागे वळायचं नाही, कारण वळायला जागाच नाही.

त्यांनी ठमीचा फोन लावला. बंद. तो बंद असणार हे त्यांना माहीत होतं. मग हवामानाच्या खोलीचा लावला, जो एकोणतीस वर्षं त्या स्वतःच उचलत आल्या होत्या.

"हवामान कक्ष, नमस्कार."

"साहेब, मी बोलतेय. बोर्डावर साडेचार तुम्ही लिहिलंत का?"

"हो. का?"

"समुद्रापासूनचे?"

"अर्थात. प्रदेशाचा अंदाज समुद्रापासूनच असतो, मॅडम. कागदावर जे आहे तेच मी—"

"तुमचं बरोबरच आहे हो!" बाईंचा आवाज चिरकला. "बोर्डावर मी जमिनीपासूनचे लिहायची. सत्तावीस वर्षं. पोरं तेच धरून चालतात. माझी लेक खिंडीत चाललीय. वर जा, रेडिओवर भाऊंना सांगा, तिला कढईतून परत फिरवा. आत्ता!"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज, आणि लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं. साहेब फोन ठेवायला विसरले होते. वरचं दार उघडं राहिलं असावं, कारण बाईंना रेडिओवाल्या भाऊंचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा ऐकू येत होता. भाऊ आणि बाई एकाच वर्षी नोकरीला लागलेले. विमानाचा नंबर घेऊन भाऊ पुकारत होते. "कढईत असलीस तर परत फीर. खिंड बंद आहे. ऐकू येतंय का?" मग नुसती खरखर. मग परत तेच. पाचव्यांदा भाऊ नंबर विसरून नुसतंच म्हणाले, "ठमे, बोल गं."

आठ त्रेचाळीस. दरीत शिरलं की डोंगराआड रेडिओ पोचत नाही, हे शहाण्या माणसाला सांगायला नको. बाईंना तर नकोच. फोन खाली ठेवला तर एखादं उत्तर हुकेल, आणि धरून ठेवला तर इथेच उभं राहावं लागेल. शेवटी ओट्यावर तो तसाच चालू ठेवून त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली, आणि दार ओढून घेताना तो परत हातात घ्यायला धावल्या. स्वयंपाकघरात आल्यावर क्षणभर त्यांना आठवेनाच, आपण आलो कशाला. मग तो दिसला, तसा उचलून त्या निघाल्या.

विमानतळापर्यंतची बारा मिनिटं कशी गेली ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं, की वाटेत सगळं नेहमीसारखं होतं. एक मुलगी सायकल ढकलत होती, दूधवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. आणि उत्तरेला डोंगर नव्हतेच. जिथे रांग होती तिथे राखाडी भिंत उभी होती, आणि ती सावकाश पुढे सरकत होती.

वरच्या खोलीत भाऊ हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले होते. साहेब दाराशी उभे, शर्टाची एक बाजू बाहेर आलेली.

"काही?" बाईंनी विचारलं.

भाऊंनी मान हलवली. "पलीकडच्या गावाला विचारलं. तिकडे पोचलेली नाही. नऊपर्यंत पोचायला हवी होती."

नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती.

"तिकडे पाऊस?"

साहेब हळूच म्हणाले, "पंधरा मिनिटांपूर्वी सुरू झाला."

बाई स्टुलावर बसल्या. पावसात सदतीसशे. खिंड एकोणचाळीसशे. हे आकडे त्या इतकी वर्षं लिहीत आल्या होत्या, इतक्या वेळा, की त्यांना रंग, चव काही उरलं नव्हतं. आता त्यांतला प्रत्येक फूट त्यांना दिसत होता. पांढरं, ओलं, पुढे काही न दिसणारं, आणि त्याच्या आत कुठेतरी झाडं.

"बाई, पाणी घ्या," भाऊ म्हणाले.

"मला पाणी नको. तुम्ही पुकारा."

भाऊ पुकारत राहिले. नऊ दहा. नऊ पंधरा. साहेब मध्येच म्हणाले, "मला कुणी सांगितलं असतं तर—" आणि वाक्य तिथेच गिळलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ह्या वाक्याचा उरलेला भाग त्यांना पाठ होता. घरून निघाल्यापासून त्या मनात तोच घोकत आल्या होत्या.

नऊ अठराला भाऊंनी एकदम हेडफोन काढला. रेडिओवर काही आलं म्हणून नव्हे. खिडकीतून आवाज आला म्हणून. इंजिनाचा. पण उत्तरेकडून नाही, पश्चिमेकडून, आणि फार खालून. ऊसमळ्याच्या वरून, झाडांच्या शेंड्यांना घासत यावं तसं टपालाचं विमान ढगाखालून बाहेर आलं, एकदा डुललं, आणि धावपट्टीवर टेकलं. टेकताना एकदा उसळलं. ठमी कधी असं उतरवत नसे.

बाई जिना कशा उतरल्या! खाली पोचल्या तेव्हा पंखा थांबत आला होता, तरी ठमी आतच बसून होती. दोन्ही हात दांडीवर. बाईंनी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मोजे मिळाले?"

"मिळाले."

"दिवाणाखाली?"

"दिवाणाखाली. उतर खाली."

ती उतरली आणि पंखाला टेकून उभी राहिली. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं असतं तर दोघी तिथेच बसल्या असत्या. त्यांची नजर खाली गेली. डाव्या चाकाच्या वरच्या सांध्यात हिरवी डहाळी अडकली होती. वीतभर लांब, ओली, ताजी तुटलेली.

"भाऊंचं ऐकू आलं का तुला?"

"काय?" ठमी म्हणाली. "मला काहीच ऐकू आलं नाही. कढई ओलांडली तोवर नीट दिसत होतं. मग गल्लीत समोर पांढरं झालं. एकदम. कुणी पडदा ओढावा तसं. मला वाटलं, एखादा चुकार ढग असेल, वर अडीच हजार फूट आहेत, चढून जाऊ. चढायला लागले तर वरही पांढरं." ती थांबली. "मग वळवलं."

"गल्लीत?"

"गल्लीत."

"गल्लीत वळत नाही गं विमान."

"हो ना," ठमी म्हणाली आणि हसायला लागली, आणि ते हसणं कुठे थांबवावं ते तिला कळेना. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती गप्प होईपर्यंत काढला नाही.

साहेब मागे येऊन उभे होते. डहाळी त्यांनीही बघितली होती. बाई त्यांच्याकडे वळल्या. "साहेब, अहवाल तुम्हाला लिहावा लागेल. त्यात लिहा, आधीच्या बाईंनी बोर्डाची पद्धत सांगितली नाही. विसरल्या म्हणून नाही. मुद्दाम नाही सांगितली. तुम्ही घरगुती म्हणालात त्याचा राग आला होता मला."

"आई!" ठमी म्हणाली. "कागद खिळ्याला होता. वाचायचा मी होता. परीक्षेत हाच प्रश्न आला होता मला. पैकीच्या पैकी मिळाले होते."

"मिळाले असतील. नंतर दीड वर्षं तुला तो वाचू कुणी दिला नाही? मीच ना?"

पावसाचे पहिले थेंब पंखावर टपटपू लागले. आणि त्या आवाजात बाईंच्या डोक्यात दुसरीच गोष्ट लखकन उजळली.

"साहेब, आज बोर्ड अजून कुणी वाचला?"

"सकाळी फक्त फवारणीवाले. ते दक्षिणेला गेलेत, सपाटीवर." साहेब आठवत होते. "आणि एक फोन आला होता. मोजणीचे वैमानिक. परवापासून पलीकडच्या गावात आहेत ते. आज परत यायचंय म्हणून विचारत होते, बोर्डावर काय आहे. मी सांगितलं..."

"काय सांगितलंत?"

"साडेचार," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "साडेनऊला निघणार म्हणाले."

नऊ सत्तावीस झाले होते. बाईंनी मोबाईल काढला. मोजणीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे होता, सगळ्यांचेच होते. घंटी वाजत राहिली. सहा वेळा, सात वेळा. ठमी त्यांच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, कान फोनकडे.

"बाई!" मोजणीवाला ओरडला. त्याच्या मागे इंजिन चालू होतं. "करमेना ना घरी? मला माहीत होतं! येतोच आहे, तासाभरात चहा प्यायला. इथे जरा भुरभुर आहे, पण बोर्डावर साडेचार आहे म्हणे. तीन म्हणजे—"

"इंजिन बंद कर."

"काय?"

"बंद कर म्हणते ना. मग बोलू."

तो हसला. मग बाई काहीच बोलत नाहीत हे लक्षात येऊन हसायचा थांबला. इंजिनाचा आवाज खाली खाली येत थांबला आणि त्याच्या जागी पत्र्यावरचा पाऊस ऐकू येऊ लागला.

"बोला, बाई."

"प्रदेशाचा कागद आहे का तुझ्याकडे? बोर्ड नको. कागद."

"मोबाईलवर असेल. थांबा." त्याने फोन कानापासून दूर नेला असावा; पाऊस मोठ्याने ऐकू आला. "आहे. डोंगरपट्टा. साडेचार हजार."

"कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"कुठून मोजलेले?"

बाईंना त्याचा श्वास ऐकू येत होता. उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं ते त्याच क्षणी तोंडातून बाहेर पडायचं. शेजारी ठमीचे ओठ हलले. बाईंनी तिच्या दंडावर बोट दाबून तिला थांबवलं.

"समुद्रापासून," मोजणीवाला अखेर म्हणाला.

"खिंड किती उंच?"

"एकोणचाळीसशे."

"मग?"

"सहाशे," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईनासा झाला होता. "सहाशेच आहेत. बाई... आणि पावसात?"

"तेही तूच सांग," बाई म्हणाल्या.